कोकणातलं बंद घर राहतं करताना

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या वाड्यांमधून फिरलं की कुलूप लागलेली घरं शोधावी लागत नाहीत. खळ्यात गुडघाभर गवत, पडवीचा एक कोपरा खाली बसलेला, कौलांवर शेवाळ. घरातली माणसं मुंबईत, घर उघडतं ते गणपतीत आठ दिवस आणि शिमग्याला चार दिवस. त्याच गावात एखादी एकटी बाई दोन मुलांना घेऊन कोणाच्या तरी गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या खोपीत राहते. एखादं कातकरी कुटुंब भट्टीचा हंगाम संपवून परत येतं आणि पावसाळाभर ताडपत्रीखाली काढतं. जुलै २०२१ च्या पूर-दरडींनंतर डोंगरउतारावरचं घर सोडावं लागलेली माणसंही आहेत. एकीकडे रिकामी घरं, दुसरीकडे बेघर माणसं, म्हणजे गणित सोपं असं वाटतं. पण मध्ये सह्या, वाळवी आणि शेजारी असतात.

हा लेख पहिलंच घर हाती घेणाऱ्यांसाठी आहे: बचत गटांचा ग्रामसंघ, ग्रामस्थ मंडळ किंवा लहानशी नोंदणीकृत संस्था. पहिल्या वर्षी एकच घर घ्या. तीन घरं एकदम काढली की तिन्ही पावसाळ्यापूर्वी अर्धी राहतात, आणि छप्पर उतरवलेलं अर्धं घर हे बंद घरापेक्षा वाईट.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. बंद घर म्हातारं होऊन पडत नाही, पाण्याने पडतं. राहत्या घरात कौल सरकलं तर त्याच रात्री अंथरुणावर थेंब पडतो आणि सकाळी कोणीतरी काठीने कौल सारखं करतं. चुलीच्या धुराने वासे कोरडे राहतात, केरसुणी फिरते म्हणून वाळवीची माती दिसते. कुलूप लागलं की हे सगळं थांबतं. तोच थेंब चार महिने एकाच वाशावर पडतो, वासा कुजतो, त्यावरची कौलं बसतात, मग पाणी थेट भिंतीच्या माथ्यावर जातं आणि मातीच्या सांध्याची भिंत वरून उकलायला लागते. म्हणून दुरुस्तीचा पहिला पैसा छपरावर जातो. रंग, फरशी, नवी खिडकी ही कामं फोटोत छान दिसतात, आणि म्हणूनच लोक ती आधी करतात.

वर्षाचं वेळापत्रक

कोकणात कामाची दिशा पंचांग ठरवतं. घराची पाहणी जुलै-ऑगस्टमध्ये करा, कारण कुठे गळतंय ते तेव्हाच खरं कळतं. मे महिन्यात पाहिलेलं घर नेहमी चांगलं दिसतं. सह्या गणपतीत घ्या. सगळे भाऊ, चुलते एका छपराखाली येण्याचे ते आठ दिवस चुकले तर पुढे प्रत्येकाच्या दारात विरार, डोंबिवली, पनवेल असं फिरावं लागतं. दिवाळीपर्यंत कागद, डिसेंबरपर्यंत लाकूड आणि कौलं जमवणं, जानेवारी ते एप्रिल प्रत्यक्ष काम. कुटुंब मे महिन्यात राहायला आलंच पाहिजे. पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास येतो आणि शाळाही जूनच्या मध्याला सुरू होतात. मुलांचे दाखले त्याआधी हलले की वर्ष वाया जात नाही.

पाहणीला जाताना

सोबत घ्या: जाड बूट, मोठी बॅटरी, ओळंबा, मोजपट्टी, पेचकस, खडू आणि एक लांब काठी. वर्षभर बंद असलेल्या घरात घोणस, मण्यार, विंचू असतात असंच धरून चाला. आधी दारं-खिडक्या उघडून अर्धा तास बाहेर थांबा. कोनाड्यात, माळ्यावर, रचलेल्या कौलांच्या थप्पीत हात घालायचा नाही, आधी काठी. उंदरांच्या लेंड्या सुक्या झाडू नका. ब्लीचिंगचं पाणी मारून ओल्या करा आणि मग हातमोजे घालून उचला. उंदरांच्या लघवीतून पसरणारा लेप्टो हा सिंधुदुर्ग-रत्नागिरीत नेहमीचा आजार आहे.

आता लाकूड. प्रत्येक वाशाचं टोक, जिथे तो भिंतीवर टेकतो तिथे, पेचकसाने टोचा. चांगल्या लाकडात पेचकस दोन-तीन मिलिमीटरवर अडतो आणि आवाज टणक येतो. कुजलेल्यात तो लोण्यासारखा आत जातो. वाळवीने खाल्लेला वासा वरून रंगासकट जसाच्या तसा दिसतो, पण ठोकलं तर पोकळ वाजतो. मधला भाग पाहून वासे पास करणं ही नवख्यांची ठरलेली चूक. वासा आधी टोकाला जातो, कारण पाणी आणि वाळवी दोन्ही तिथून येतात. ऐन, किंजळ, साग, फणस यांचा गाभा टिकतो. बाहेरचा पांढरा भाग कोणत्याही झाडाचा असो, वाळवीचाच.

भिंतीला ओळंबा लावा. दहा फूट उंचीत इंचापेक्षा जास्त कलली असेल, किंवा कोपऱ्यातली भेग वर रुंद होत गेली असेल, तर स्थापत्य अभियंत्याला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. बाकीच्या भेगांवर प्लास्टर ऑफ पॅरिसचा रुपयाएवढा ठिपका लावून त्यावर तारीख लिहा. पावसाळ्यानंतर ठिपका अखंड असेल तर भेग जुनी आहे, भरता येईल. तडकला असेल तर जोतं अजून हलतंय.

आढं, म्हणजे छपराच्या माथ्यावरचं आडवं लाकूड, मधून वाकलेलं, दोनपेक्षा जास्त भिंती कललेल्या आणि विहीर कोरडी, अशी तिन्ही लक्षणं एका घरात असतील तर ते घर सोडून द्या. मालक कितीही गोड बोलला तरी.

सह्या आणि कागद

इथे घाई केली तर पुढचं सगळं काम दुसऱ्याच्या मालकीच्या वादात अडकतं. ग्रामपंचायतीतून नमुना ८, म्हणजे घरपट्टीचा उतारा काढा, ज्याला गावात सगळे असेसमेंट म्हणतात. त्यावर बहुतेक वेळा वारलेल्या आजोबांचं नाव असतं. म्हणजे आज हयात असलेले सगळे वारस सामाईक मालक. थोरल्या भावाने चावी दिली म्हणजे घर मिळालं, असं नाही. लग्न होऊन गेलेल्या बहिणींचाही हक्क असतो आणि त्यांनाच विचारायचं राहून जातं. जमिनीचा सातबारा, आणि गावठाणाची स्वामित्व योजनेत मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिका, हे दोन्ही नमुना ८ शी पडताळा. तिथे नावं वेगळी दिसली तर आधी वारस नोंद, मग दुरुस्ती. वारसांनी आपल्यातल्या एकाला नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र दिलं की पुढचा व्यवहार सोपा होतो. त्यात फक्त दुरुस्ती करून घेणे आणि राहायला देणे एवढेच अधिकार लिहा. विक्रीचा उल्लेखही नको, त्या एका शब्दाने सही करायला आलेला माणूस परत जातो.

मालकांच्या मनातली खरी भीती वेगळीच असते आणि ती पहिल्याच बैठकीत बाहेर काढलेली बरी: "उद्या कुळ लागलं तर?" १९४८ च्या कुळकायद्याने आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने कोकणातल्या अनेक घराण्यांच्या जमिनी कसणाऱ्यांच्या नावावर झाल्या. ती आठवण तिसऱ्या पिढीतही ताजी आहे. तिला हसू नका, समजावून सांगा. तो कायदा शेतजमिनीचा आहे, राहत्या घराच्या लिव्ह अँड लायसन्स कराराला तो लागत नाही. पण म्हणूनच करारात घर, खळं आणि परसातला भाजीपुरता वाफा एवढंच घ्या, चतुःसीमा लिहा. आंब्या-काजूची बाग, भातशेती करारात कुठेही आणू नका, तोंडीसुद्धा "बागेकडे लक्ष ठेवा, अर्धे काजू तुमचे" असं होऊ देऊ नका. घोळ नेमका तिथून सुरू होतो.

करार दोन करा. पहिला मालक आणि संस्था यांच्यात: संस्था दुरुस्ती करील, पाच वर्षं घर वापरायला देईल, त्यानंतर दुरुस्त घर मालकाकडे जाईल किंवा नवा करार होईल. दुसरा संस्था आणि कुटुंब यांच्यात, तेवढ्याच मुदतीचा. लिव्ह अँड लायसन्स ६० महिन्यांपर्यंत करता येतो, मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का. महिना २,००० रुपये भाडं धरलं तर ६० महिन्यांचे १,२०,००० आणि त्यावर शुल्क ३०० रुपये. अनामत घेतली तर तिच्यामुळे थोडं वाढतं. ग्रामपंचायत हद्दीत नोंदणी फी ५०० रुपये. एवढे पैसे वाचवण्यासाठी साध्या कागदावर करार करणारे लोक आहेत. अकरा महिन्यांचा करार करायची शहरी सवयही इथे नको. दरवर्षी हलावं लागणार असेल तर त्या बाईला खोपीतून काढून उपयोग काय?

करारात ही चार कलमं हवीतच, नमुना करारात ती सापडणार नाहीत:

• गणपती आणि शिमग्याला मालक येणार. किती दिवस, कोणत्या खोल्या, न्हाणी-संडास कोण वापरणार, हे तारखांनिशी नाही तर सणांनिशी लिहा. ओटी (पुढची बसायची जागा), देवघर आणि एक खोली मालकाकडे, माजघर, स्वयंपाकघर आणि मागची पडवी कुटुंबाकडे, अशी वाटणी चालते. मागून स्वतंत्र दार असलेलं घर म्हणूनच आधी निवडा.

• देवघराला कुलूप की दिवाबत्ती? काही मालकांना रोज दिवा लागलेला हवा असतो, काहींना कोणी शिवलेलं नको असतं. विचारा आणि लिहा.

• मालकाचं सामान एका खोलीत बंद, यादी आणि फोटोंसह. पितळेची भांडी मालकाने मुंबईला न्यावीत, तुमच्या जबाबदारीवर ठेवू नयेत.

• मुदतीआधी घर परत हवं झालं तर सहा महिन्यांची नोटीस, आणि दुरुस्तीचा न फिटलेला खर्च मालकाने द्यायचा. हे कलम नसेल तर नव्या छपराचं घर पाहून दुसऱ्याच वर्षी कुणाला तरी होम-स्टे सुचतो.

ग्रामपंचायतीला दुरुस्तीचं लेखी कळवा. आहे त्याच जोत्यावर दुरुस्ती ही एक गोष्ट, नवी खोली किंवा संडास वाढवणं ही दुसरी, तिला परवानगी लागते.

छप्पर

अंदाजपत्रकातली निम्मी रक्कम इथे धरा. हिशोब उदाहरणाने पाहू. घर ३० फूट लांब, २४ फूट रुंद, दोन पाखी (छपराच्या उतरत्या बाजू), चारही बाजूंनी अडीच फूट वळचण. म्हणजे छपराचा नकाशा ३५ × २९, सुमारे १,०१५ चौरस फूट. उतार ३० अंशांचा असेल तर याला १.१५५ ने गुणा: सुमारे १,१७० चौरस फूट, म्हणजे १०९ चौरस मीटर. ४१० × २३५ मिलिमीटरचं मंगलोरी कौल चौरस मीटरला १५ ते १६ लागतं, म्हणून साधारण १,७००. फुटतूट धरून १,८०० सांगा. आढ्यावरच्या कोनांचा, म्हणजे माथा झाकणाऱ्या कौलांचा, हिशोब मीटरला तीन, म्हणजे ३२ ते ३५. एवढ्या कौलांचं वजन कोरडं असताना चार टनांच्या आसपास भरतं. कुजक्या वाशांवर नवी कौलं चढवायची नाहीत ती याचसाठी.

सगळी कौलं नवी लागत नाहीत. उतरवलेलं प्रत्येक कौल एका हातात लोंबतं धरून दुसऱ्या हाताच्या बोटाच्या सांध्याने वाजवा. चांगलं कौल भांड्यासारखं खणकतं. केसाएवढा तडा असेल तरी आवाज बसका येतो, ते बाजूला. शेवाळ ताठ ब्रशने काढा. कौलाच्या पाठीवर कारखान्याचं नाव उमटवलेलं असतं, ते वाचा. १८६५ साली मंगळुरात बासेल मिशनने कारखाना काढल्यापासून कितीतरी छापाची कौलं कोकणात आली आणि प्रत्येक छापाची खाच थोडी वेगळी. दोन छापांची कौलं एका पाख्यावर मिसळली की खाचा बसत नाहीत, नुसत्या बसल्यासारख्या दिसतात, आणि पहिल्या झडीत पाणी आत येतं. मागच्या पाख्यावर जुनी, पुढच्यावर नवी, असं वेगळं ठेवा.

उतरवताना आधी कोनं, मग आढ्याकडून वळचणीकडे, आणि दोन्ही पाखी बरोबरीने. एक पाखं पूर्ण रिकामं आणि दुसरं भरलेलं ठेवलं तर भार एकाच बाजूला येऊन भिंत बाहेर ढकलली जाते. कौलावर पाय देऊन कोणी चालायचं नाही. शिडी आडवी टाकून, कंबरेला दोर बांधून काम करायचं. अशा कामातला सगळ्यात मोठा अपघात म्हणजे कुजक्या रिपेवर (कौलं टेकतात त्या आडव्या लाकडी पट्टीवर) पाय पडून खाली येणं, आणि तो नेहमी "एवढंच एक कौल काढतो" म्हणताना होतो.

वाशाचं फक्त टोक गेलं असेल तर पूर्ण वासा बदलायची गरज नाही. कुजका भाग चांगल्या लाकडापर्यंत कापा आणि बाजूला तेवढ्याच जाडीचा तुकडा निदान तीन फूट चढवून, दोन-तीन आरपार बोल्टांनी आवळून घ्या. खिळ्यांवर भागवू नका. दोन वाशांमधलं अंतर दोन फुटांपेक्षा जास्त असेल तर २ इंच × १ इंचाची रीप मध्ये वाकते. रिपांचं अंतर पुस्तकातून घेऊ नका. तुमच्याकडची दोन कौलं एकमेकांत बसवून वरच्या खुंटीपासून खालच्या खुंटीपर्यंत मोजा. बहुतेक वेळा साडेबारा इंचाच्या आसपास येतं, पण अर्ध्या इंचाची चूक सोळा ओळींत आठ इंच होते आणि आढ्याला कौल अपुरं पडतं. आपल्या उदाहरणात एका पाख्याला १७ ओळी, दोन्ही मिळून ३४, गुणिले ३५ फूट: सुमारे १,२०० फूट रीप.

लाकडाला लावायला कोकणात काजूच्या टरफलांचं तेल वापरतात. ते वाळवीला खरंच रोखतं, पण कातडी भाजतं. रबरी हातमोजे आणि पूर्ण बाह्या घालून लावा, आणि कौलं चढवण्याआधी वाळू द्या. ज्या लाकडाखाली मुलं झोपणार त्याला मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तेल फासू नका.

वाऱ्याचा बंदोबस्त राहून जातो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात रायगड-उत्तर रत्नागिरीत छपरं गेली. वारा वळचणीतून आत शिरतो आणि छप्पर खालून उचलतो. म्हणून वळचणीच्या खालच्या दोन ओळी आणि दोन्ही कडांच्या ओळी तांब्याच्या किंवा गॅल्व्हनाइज्ड तारेने रिपेला बांधा. वासा भिंतीच्या माथ्यावरच्या लाकडाला लोखंडी पट्टीने जखडा. कोनं बसवताना निव्वळ सिमेंट थापू नका, उन्हात तडकतं. चुना मिसळलेला मऊ माल घ्या.

पत्रा स्वस्त पडेल असं कोणीतरी म्हणणारच. न्हाणीवर आणि मागच्या पडवीवर चालेल. राहत्या खोलीवर एप्रिलच्या दुपारी पत्र्याखाली तान्हं मूल झोपवून बघा म्हणावं. पडवीचा मात्र विचार करा. जुन्या घराला पुढे पडवी वाढवताना उंची पुरत नाही म्हणून उतार कमी केलेला असतो. तिथे कितीही चांगली कौलं घातली तरी झड उलटी चढून आत येते. अशा पडवीलाच कौलांखाली पत्रा द्या. संपूर्ण घरावर कौलांखाली ताडपत्री पसरणं मात्र टाळा. दमट हवा अडकते, वासे खालून कुजतात, आणि उंदरांना दुमजली घर मिळतं.

भिंती, जोतं, वाळवी

चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, भिंत मातीत रचलेली असेल तर तिला सिमेंटचा गिलावा चढवू नका. जांभा पाणी पितो आणि पुन्हा सोडतो, सिमेंट ते सोडू देत नाही. दोन पावसाळ्यांत खालचा तीन फुटांचा पट्टा फुगून पापुद्रे पडतात, मग लोक त्यावर आणखी सिमेंट मारतात. सांधे दोन इंच खरवडून चुना-वाळू १ ला ३ प्रमाणात भरा. आतून माती, भाताचं तूस आणि शेण यांचा लेप, त्यावर चुन्याचे दोन हात. भिंतीत उगवलेलं पिंपळाचं, उंबराचं रोप उपटू नका, मुळासोबत चिरे येतात. कापा आणि फुटवा येईल तसा परत कापत राहा.

खालून येणारी ओल बहुतेक वेळा भिंतीचा दोष नसतो. वर्षानुवर्षं पालापाचोळा आणि माती साठून बाहेरची जमीन जोत्याच्या बरोबरीला आलेली असते. ती खोदून जोतं निदान वीतभर उघडं करा, पागोळ्या पडतात त्या रेषेवर दगडी गटार काढा आणि घरापासून दूर उतार द्या. दोन दिवसांचं फावड्याचं काम आहे, आणि कुठल्याही वॉटरप्रूफिंगच्या डब्यापेक्षा जास्त फरक पाडतं.

वाळवीची मातीची नळी दिसली की नुसती पुसू नका, ती खाली कुठे जाते ते बघा. पक्क्या जमिनीत भिंत आणि फरशी मिळते त्या रेषेवर १२ मिलिमीटरची भोकं ३० सेंटिमीटरवर पाडून प्रत्येकात एक लिटर द्रावण सोडतात. इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के असेल तर लिटरभर पाण्याला २.१ मिलिलिटर. हे काम परवानाधारक माणसाकडून करून घ्या, आणि विहिरीकडच्या भिंतीला अजिबात नको. शेणाने सारवलेल्या जमिनीतही नको, तिथे मूल रांगणार आहे. त्या खोल्यांत कोबा करा.

वीज, पाणी, संडास

बंद घराचा मीटर बहुधा थकबाकीपोटी कायमचा तोडलेला असतो, गावात त्याला पीडी झालाय म्हणतात. थकबाकीचा आकडा मालकाशी करार करण्याआधी महावितरणच्या कार्यालयातून काढा. नंतर कळला तर तो तुमचा होतो. जुनी लाकडी पट्टीतली वायर एक इंचही ठेवू नका, उंदरांनी ती आतून सोललेली असते. दिव्यांना १.५ चौरस मिलिमीटर, प्लगना २.५ ची तांब्याची वायर, स्वतंत्र अर्थिंग आणि ३० मिलिअँपियरचं आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागली की प्रवाह तोडणारा स्विच. ओल्या भिंतींच्या घरात हे शेवटचं उपकरण माणसं वाचवतं, त्यावर पैसे वाचवू नका.

विहीर वापरात नसेल तर तिच्यात माणूस उतरवू नका. तळाशी हवा खराब असते आणि पहिल्याला वाचवायला उतरलेला दुसराही जातो. पंपाने उपसा, दोनदा भरू द्या, मग टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. हिशोब: व्यास ३ मीटर, पाणी २ मीटर, तर ३.१४ × ३ × ३ ÷ ४ × २ म्हणजे १४ घनमीटर, १४,००० लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणून ३५ ग्रॅम ताजी पावडर. बादलीत कालवून दहा मिनिटं निवळू द्या, वरचं पाणी विहिरीत सोडा, चुन्याचा गाळ टाकून द्या. तासाभराने आरोग्य सेवकाकडून ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यातलं क्लोरीन पाहणारी चाचणी, करून घ्या. रंग आला नाही तर पावडर जुनी आहे किंवा पाणी जास्त घाण आहे, पुन्हा घाला.

संडासाला दोन शोषखड्ड्यांची पद्धत पुरते. प्रत्येक खड्डा एक मीटर व्यासाचा, सव्वा मीटर खोल, जाळीदार रचाईचा, दोन्हींत एक मीटर अंतर, मध्ये वाय आकाराचं चेंबर. एका वेळी एकच खड्डा चालू. ही मापं पाच-सहा माणसांची आहेत. गणपतीत पंधरा माणसं आली की खड्डा तुंबतो, म्हणून वर सणांचं कलम सांगितलं. विहिरीपासून निदान १० मीटर हा साधा नियम, पण चिऱ्यात आणि कातळाच्या भेगांत पाणी फार लांब पळतं. तिथे १५ मीटर आणि विहिरीच्या खालच्या उताराला. बहुतेक गवंडी दोन्ही खड्डे एकदम जोडून देतात, "जास्त टिकेल" म्हणून. तसं केलं की दोन्ही एकदम भरतात आणि उपसायला ओलाच मैला मिळतो.

कोणाला, किती भाड्याने, आणि वाडीचं काय

भाडं कुटुंबाच्या महिन्याच्या मिळकतीच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त नको. आठ हजार येत असतील तर दोन हजार. पाच वर्षांत जास्तीत जास्त १,२०,००० जमतात, म्हणजे दुरुस्तीतला तेवढाच भाग भाड्यातून फिटेल. वरचा खर्च देणगीतून, श्रमदानातून किंवा मालकाकडून आला पाहिजे. हा आकडा आधी कागदावर मांडा. उलट, म्हणजे खर्च करून मग भाडं ठरवलं, की घर शेवटी नोकरदाराला जातं. अगदी फुकटही देऊ नका. दरमहा पावती असली की मालकाची भीती कमी होते आणि कुटुंबाकडेही राहत असल्याचा पुरावा साठतो. पावसाळ्यात मजुरी नसते, तेव्हा जुलै-ऑगस्टचं भाडं आधीच अर्धं ठरवा.

निवड ग्रामसंघाच्या बैठकीत, उघड निकषांवर करा: आज कुठे राहतात, घरात कमावतं कोण, आजारी किंवा अपंग कोणी आहे का, मुलांची शाळा किती लांब. निवडलेल्या कुटुंबाला घर काम चालू असतानाच दाखवा. चूल कुठे हवी, मोरीची उंची, म्हातारीला संडासापर्यंत धरायला कठडा, हे त्यांनाच कळतं.

वाडीतला विरोध क्वचितच सरळ शब्दांत येतो. "पाणी आम्हालाच पुरत नाही", "त्यांच्याकडे मासे सुकवतात", "देवाचं घर आहे" अशा रूपाने येतो, आणि मागे बऱ्याचदा जात असते. कातकरी किंवा दलित कुटुंब असेल तर विहिरीवरचा हक्क गृहीत धरू नका. करार करण्याआधीच मालकाच्या तोंडून, वाडीच्या बैठकीत, गावच्या मुंबईतल्या मंडळाचा माणूस हजर असताना वदवून घ्या. तो बोलायला तयार नसेल तर ते घर त्या कुटुंबासाठी नाही, छप्पर कितीही चांगलं असो. एकट्या कुटुंबाला चार मैलांवरच्या शेवटच्या घरातही टाकू नका. स्वस्त मिळतं म्हणून असं घर घेतलं जातं आणि सहा महिन्यांत पुन्हा बंद पडतं.

पहिला पावसाळा

चावी देताना प्रत्येक खोलीचे फोटो, मीटरचा आकडा आणि सामानाची यादी, दोन्ही बाजूंच्या सह्यांनी. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती, रेशनकार्डावरचा पत्ता, शाळेचा दाखला, अंगणवाडीत नाव, ही कामं त्याच आठवड्यात कुटुंबासोबत जाऊन करा.

पहिले तीन मोठे पाऊस हीच खरी तपासणी. प्रत्येक पावसात घरातल्या कोणीतरी जमिनीवर जिथे थेंब पडतो तिथे खडूने फुली करायची. गळती फुलीच्या बरोबर वर नसते, पाणी रिपेवरून उताराने वाहत येऊन खाली टपकतं, म्हणून फुलीपासून वर आढ्याकडे दोन-तीन कौलं शोधायची. बहुतेक वेळा कौल फुटलेलं नसतं, माकडाने किंवा नारळाच्या झापाने सरकवलेलं असतं. आतून काठीने उचलून सारखं केलं की भागतं. पन्नास कौलं, चार कोनं, तारेचं भेंडोळं आणि एक शिडी मागच्या पडवीत कायम ठेवा, आणि घरातल्या बाईला व मोठ्या मुलाला कौल बदलायला मे महिन्यातच शिकवा. जुलैच्या मध्यरात्री गवंडी येत नाही.